कचरा पुरण्याआधी भेगा मोजा

फिनलंड, स्वीडन आणि कॅनडा अणुकचऱ्यासाठी जमिनीच्या पोटात कायमची जागा करायला निघालेत. त्याआधी शास्त्रज्ञांनी चाळीसेक वर्षं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला : कठीण खडकातल्या बारीक भेगा. आता भारतही अणुवीज वाढवणार आहे. मग आपल्या खडकाचं काय?

सहा महिन्यांच्या आत तीन बातम्या येऊन गेल्या. आपल्याकडे त्यांची फारशी चर्चा झाली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनलंडने ओल्किलुओटो बेटाखालच्या ‘ओंकालो’ या बोगद्यांमध्ये, खरा कचरा न वापरता, अणुकचरा पुरण्याच्या संपूर्ण प्रक्रियेची रंगीत तालीम सुरू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅनडाने ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागातली जागा नक्की केली. आणि जानेवारी २०२५ मध्ये स्वीडनमध्ये फोर्समार्क इथे अशाच भूमिगत जागेच्या बांधकामाचा नारळ फुटला.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली की २०४७ पर्यंत भारताची अणुवीज क्षमता १०० गिगावॉटपर्यंत न्यायची. छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये. हेडलाइन भट्ट्यांची झाली. भट्टीतून निघणाऱ्या राखेचं काय, हा प्रश्न तसाच बाजूला राहिला.

तो नवा नाही. १९५४ मध्ये रशियातल्या ओब्निन्स्कला अणुवीज पहिल्यांदा ग्रिडला जोडली गेली. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २०२४ संपलं तेव्हाही, वीजकेंद्रांतलं वापरलेलं इंधन कायमचं पुरायची एकही जागा जगात सुरू झालेली नव्हती. सत्तर वर्षं सगळे देश कचरा पाण्याच्या टाक्यांमध्ये किंवा काँक्रीटच्या पिंपांमध्ये ठेवून ‘बघू पुढे’ म्हणत राहिले. सबमिशनच्या बाबतीत आपण जे करतो, साधारण तेच.

ओट्यावरचा ग्रॅनाइट, पोटातला ग्रॅनाइट

आधी थोडी बेसिक माहिती. भट्टीतून बाहेर काढलेलं इंधन प्रचंड गरम आणि अत्यंत किरणोत्सारी असतं. त्यातली काही द्रव्यं तुलनेने लवकर निवतात. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे हाफ लाइफ, साधारण ३० वर्षं. पण प्लुटोनियम-२३९ चं २४,१०० वर्षं. आणि आयोडीन-१२९ चं दीड कोटी वर्षांहून जास्त. वापरलेल्या इंधनाचा धोका मूळ युरेनियमच्या खनिजाइतका खाली यायला साधारण एक लाख वर्षं लागतात, असा हिशोब स्वीडनची एसकेबी ही कंपनी मांडते. आपल्या अजिंठ्यातली सगळ्यात जुनी लेणी जेमतेम २२०० वर्षांची आहेत. यावरून अंदाज घ्या.

एक लाख वर्षं कुठलं सरकार, कुठली कंपनी, कुठली भिंत टिकणार? कुणीच सांगू शकत नाही. म्हणून मग खडक. फिनलंड-स्वीडनखालचे खडक १८०-१९० कोटी वर्षांचे आहेत. एवढा काळ जे जागेवर राहिलं, ते आणखी एक लाख वर्षं राहील असं मानणं हा वेडेपणा नाही.

अडचण वेगळीच आहे. ग्रॅनाइट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किचनचा ओटा येतो. गुळगुळीत, अखंड, पाण्याचा थेंबही न पिणारा. पण ओट्यासाठी चांगली लादी निवडून, कापून, पॉलिश करून आलेली असते. जमिनीखालचा ग्रॅनाइट तसा नसतो. डोंगर उभे राहताना, हिमनद्यांचं ओझं चढता-उतरताना, खडक थंड होताना तो तडकलेला असतो. काही भेगा केसाएवढ्या, काही शेकडो मीटर लांब. आणि त्यांच्यातून पाणी फिरतं.

अणुकचऱ्याच्या बाबतीत सगळी भीती या पाण्याची आहे. घन कचरा स्वतःहून उठून चालत वर येत नाही. तो वर यायचा तर पाण्यात विरघळून, भेगेतून वाट काढतच. त्यामुळे प्रश्न ‘खडक किती कठीण’ हा नसतोच. प्रश्न असतो, ‘त्यात भेगा किती, एकमेकींना कुठे जोडलेल्या, आणि त्यातल्या किती वाहत्या?’

इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. दाब तेवढाच असेल, तर भेगेतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे भेग दुप्पट रुंद, तर पाणी आठपट. तिप्पट रुंद, तर सत्तावीसपट! खऱ्या खडकातल्या भेगेला हा नियम कितपत लागू होतो, हे बर्कलीच्या पॉल विदरस्पून आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तपासून मांडलं. त्यामुळे शंभर बारीक भेगांपेक्षा एक रुंद भेग जास्त घातक ठरू शकते. सरासरी काढून इथे भागत नाही.

छताला प्लास्टिक लावणारे शास्त्रज्ञ

हे सगळं शिकायला शास्त्रज्ञ कुठे गेले? एका बंद पडलेल्या खाणीत. स्वीडनमधल्या स्ट्रिपा इथली जुनी लोखंडाची खाण १९७० च्या दशकात बंद झाली. तिच्या शेजारीच ग्रॅनाइट होता. १९७७ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेच्या संशोधकांनी तिथे जमिनीखाली तीनशेहून जास्त मीटरवर प्रयोग सुरू केले. पुढे १९८० ते १९९२ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हणून चालला. कचऱ्याच्या जागी त्यांनी विजेचे हीटर ठेवले, खडक तापवला, आणि तो कसा वागतो ते पाहिलं.

त्यातला एक प्रयोग तर फारच देशी जुगाडासारखा वाटतो. बोगद्याच्या छताला आणि भिंतींना त्यांनी प्लास्टिकच्या शेकडो चौकोनी शीट्स चिकटवल्या. प्रत्येक शीटमध्ये ठिबकणारं पाणी वेगळं गोळा केलं. वरच्या खडकात वेगवेगळे रंग आणि क्षार सोडले, आणि कुठला पदार्थ कुठल्या शीटमध्ये उतरतो याची नोंद ठेवत बसले. महिनोन्‌महिने.

निकाल काय आला? पाणी सगळीकडून सारखं ठिबकत नव्हतं. छताचा बराच भाग जवळपास कोरडा, आणि बहुतेक पाणी अगदी थोड्या ठिकाणांहून. दादर स्टेशनला बाहेर पडायला जिने पुष्कळ असतात, पण गर्दी ठरावीक दोन-तीन जिन्यांवरच तुंबते ना? तसंच. भेगांचं जाळं मोठं असलं, तरी पाणी त्यातल्या मोजक्या वाटाच धरतं. या वाटा नेमक्या कुठे आहेत हे कळलं नाही, तर बाकी सगळी आकडेमोड व्यर्थ.

दुसरी बाजूही समोर आली, आणि ती दिलासा देणारी आहे. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातले इवार्स नेरेट्निएक्स यांनी १९८० मध्ये मांडलं की भेगेतून जाणारे किरणोत्सारी अणू सगळेच पाण्याबरोबर सुसाट जात नाहीत. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या खडकात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. काही अणू तिथे शिरतात, रेंगाळतात, चिकटतात आणि फार उशिरा परत बाहेर येतात. दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रोडवरून जाताना जो प्रत्येक दुकानात डोकावतो, तो टोकाला पोचायला किती वेळ लावेल! हा उशीर हजारो वर्षांचा झाला, तर दरम्यान बऱ्याच द्रव्यांचा धोका आपोआप ओसरतो. आयोडीनसारखी काही मात्र फारशी कुठे अडत नाहीत. म्हणून त्यांचा हिशोब वेगळा करावा लागतो.

स्वित्झर्लंडनेही १९८४ पासून आल्प्समधल्या ग्रिमसेलच्या ग्रॅनाइटमध्ये प्रयोगशाळा चालवली. गंमत म्हणजे, इतकी वर्षं ग्रॅनाइट अभ्यासून त्यांनी शेवटी कचऱ्यासाठी चिकणमातीचा खडक निवडला. ‘आमचा अभ्यास सांगतो, आमच्याकडे दुसरा खडक बरा’ असं म्हणता येणं, हेही त्या अभ्यासाचं यशच.

आधी उत्तर लिहा, मग खणा

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्वीडनने १९९० ते १९९५ मध्ये ऑस्कर्सहाम्नजवळ एस्पो इथे ४६० मीटर खोल प्रयोगशाळा खणली. पण खणण्याआधी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून आणि बोअरहोलमधून केलेल्या पाहणीवरून लिहून ठेवलं की खाली कुठे कसा खडक लागेल, कुठे भेगा, कुठे किती पाणी. मग खणत गेले आणि भाकीत पडताळत गेले. पुढे वेगवेगळ्या देशांच्या गटांना एकाच प्रयोगाची माहिती देऊन, निकाल काय येईल याचं गणित आपापल्या पद्धतीने मांडायला सांगण्यात आलं. उत्तरं जुळली नाहीत की का नाही जुळली, यावर चर्चा.

म्हणजे आधी पेपर सोडवायचा, मग उत्तरपत्रिका बघायची. एक लाख वर्षांचा प्रयोग कुणालाच करता येत नाही. त्यामुळे भाकितावर विश्वास ठेवायचा तर भाकीत करणाऱ्यांची छोट्या परीक्षांमधली कामगिरी तपासणं, एवढाच मार्ग उरतो.

या अभ्यासाचा थेट उपयोग झाला तो जागा निवडताना. शेवटच्या फेरीत दोन जागा होत्या : ऑस्कर्सहाम्नजवळचं लाक्सेमार आणि ओस्टहामार नगरपालिकेतलं फोर्समार्क. २००९ मध्ये फोर्समार्क निवडलं गेलं. कारण तिथे ४०० मीटरच्या खाली खडक जवळपास कोरडा आहे. पाणी वाहून नेणाऱ्या दोन भेगांमधलं सरासरी अंतर १०० मीटरहून जास्त!

जर्मनीत याच्या उलट घडलं. आसे नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपं टाकली गेली. खडक मिठाचा, ग्रॅनाइट नाही. पण शत्रू तोच, पाणी. १९८८ पासून खाणीत बाहेरून खारं पाणी झिरपतंय हे स्पष्ट झालं. २०१३ मध्ये जर्मनीला कायदा करावा लागला की ही पिंपं परत बाहेर काढायची. पुरणं स्वस्तात झालं होतं. उकरणं आता पुढच्या पिढीच्या माथी.

तीन कवचं, तरीही शंका

खडक एकटा लढत नाही. फिनलंड-स्वीडनची पद्धत तीन कवचांची आहे. इंधन बिडाच्या साच्यात, त्यावर ५ सेंटीमीटर जाड तांब्याचं नळकांडं. जवळपास ५ मीटर लांब, भरल्यावर २५ टन वजनाचं. ते खडकातल्या खड्ड्यात ठेवायचं आणि भोवती बेंटोनाइट माती दाबून भरायची. ही मुलतानी मातीच्या जातकुळीतली माती. पाणी लागलं की फुगते आणि फटी बुजवते. आणि सगळ्यात बाहेर ४०० ते ५०० मीटर खडक.

निसर्गात याला साधर्म्य असलेलं उदाहरण आहे. कॅनडातल्या सिगार लेकखाली सव्वाचारशे मीटरहून खोल अतिशय समृद्ध युरेनियम खनिज शंभर कोटींहून जास्त वर्षं पडून आहे. भोवती मातीचं आवरण. वर जमिनीवर त्याचा किरणोत्साराचा मागमूसही लागत नव्हता.

तरी शंका संपत नाहीत, आणि त्या हवेतल्या नाहीत. सुरुंग लावून बोगदा खणला की त्याच्या भोवतीच्या खडकात नव्या भेगा पडतात. जे टाळायचं तेच आपण करून ठेवतो. पुढच्या हिमयुगात बर्फ वितळून गोडं पाणी खोलवर शिरलं, तर बेंटोनाइट वाहून जाईल का? आणि ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात तांबं खरंच गंजत नाही का? हा शेवटचा प्रश्न स्टॉकहोमच्याच तंत्रविद्यापीठातल्या काही संशोधकांनी लावून धरला. जानेवारी २०१८ मध्ये स्वीडनच्या पर्यावरण न्यायालयाने त्याची दखल घेत, तांब्याबद्दलचे प्रश्न सुटल्याशिवाय परवानगी देऊ नये असं सरकारला सांगितलं. एसकेबीला आणखी पुरावे द्यावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये सरकारची मंजुरी आली, तरी वाद पूर्ण मिटलेला नाही.

‘हो’ कोण म्हणणार?

इथपर्यंत वाचून वाटेल की नॉर्डिक देशांनी हे विज्ञानाच्या जोरावर जिंकलं. अर्धंच खरं आहे.

१९८० मध्ये स्वीडनच्या पश्चिमेला किन्नेफ्येल इथे चाचणीसाठी बोअर मारण्याचा बेत होता. स्थानिकांनी डोंगरावर झोपडी उभारली आणि पाळीपाळीने रात्रंदिवस पहारा दिला. किती दिवस? वीस वर्षं. २००० मध्ये तिथे काही करणार नाही असं आश्वासन मिळाल्यावरच पहारा उठला.

यातून पद्धत बदलली. आधी जागा ठरवायची आणि मग लोकांना समजवायचं, हे मागे पडलं. फिनलंडच्या कायद्यात स्थानिक नगरपालिकेला थेट नकाराधिकार आहे. एउरायोकी नगरपालिकेने होकार दिला, त्यानंतर २००१ मध्ये संसदेने तत्त्वतः मंजुरी दिली. स्वीडनमध्ये ओस्टहामारच्या नगरपालिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये मतदान करून हो म्हटलं. कॅनडात इग्नेस हे गाव आणि वाबिगून लेक ओजिब्वे नेशन हा आदिवासी समुदाय, दोघांनी होकार दिल्यावरच जागा ठरली.

आणि सगळ्यात धक्का देणारी गोष्ट : स्वीडनमध्ये अणुकचऱ्यासाठीच्या निधीतूनच काही वर्षं पर्यावरण संस्थांना पैसे दिले गेले. कशासाठी? या प्रकल्पाची चिकित्सा करण्यासाठी! आपल्याकडे अशी कल्पना मांडली तरी लोक हसतील.

अर्थात हे गुलाबी चित्रही नाही. फिनलंड-स्वीडनमधल्या या गावांमध्ये आधीपासूनच अणुवीज केंद्रं आहेत. रोजगार त्यांच्यावर अवलंबून आहे. ज्यांचा पगार तिथून येतो, त्यांचा होकार कितपत मोकळा, असा प्रश्न टीकाकार विचारतात. तो रास्तच आहे. पण ‘नाही’ म्हणायचा हक्क कागदावर होता, हेही तितकंच खरं.

कोलारमध्ये काय झालं?

आता घरी येऊ. भारतात अणुवीज नवी नाही. पालघर जिल्ह्यातलं तारापूर केंद्र १९६९ पासून सुरू आहे. आपलं धोरण फिनलंडपेक्षा वेगळं आहे. आपण वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतो. उरलेला अतितीव्र कचरा वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट करतो. तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम इथे ही सोय आहे. काचेची ही नळकांडी थंड होण्यासाठी काही दशकं देखरेखीखाली ठेवायची असतात. कचऱ्याचं आकारमान कमी, त्यामुळे कायमच्या जागेची घाई नाही, अशी अणुऊर्जा विभागाची भूमिका राहिली आहे.

घाई नाही हे मान्य करू. पण कधी ना कधी लागणार, हेही तितकंच मान्य करावं लागेल. तसा अभ्यास आपल्याकडे झालाय. १९८० च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीच्या बंद भागात, सुमारे १००० मीटर खोलीवर, हीटर लावून खडक तापवण्याचा प्रयोग केला. अगदी स्ट्रिपासारखाच. तिथला खडक ग्रॅनाइट नव्हे, अँफिबोलाइट. राजस्थानातल्या ग्रॅनाइटचाही अभ्यास झाला. म्हणजे आपले शास्त्रज्ञ या विषयात मागे होते असं नाही.

मागे राहिलं ते लोकांशी बोलणं. नोव्हेंबर २०१२ मध्ये कुडनकुलम प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या वतीने अणुकचऱ्यासंदर्भात कोलारचं नाव घेतलं गेलं. खाण २००१ मध्येच बंद झालेली, गावात रोजगार नाही, आणि आता हे. कोलारमध्ये लोक रस्त्यावर उतरले, बंद पाळला गेला. काही दिवसांतच खुलासा आला की तिथे कचरा टाकण्याचा बेत नाही. बातमी संपली. मे २०१३ च्या निकालात न्यायालयाने मात्र भूगर्भातली कायमची जागा लवकरात लवकर उभारली पाहिजे, असं म्हटलं.

कोलारच्या लोकांची चूक काय होती? आपल्या पायाखालच्या खडकाबद्दल त्यांना कोर्टातल्या एका वाक्यातून कळलं. तिथे आधी काय प्रयोग झाले, त्यातून काय निघालं, हे त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात कुणी येऊन सांगितलं असतं तर ते हो म्हणाले असते असं नाही. पण निदान नकार माहितीच्या आधारावर दिला असता.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय? तारापूर आपलं. जैतापूर आपलं, जिथे ९९०० मेगावॉटचा प्रकल्प वर्षानुवर्षं प्रस्तावित आहे. आपल्या बहुतांश राज्याखाली मात्र बेसॉल्ट आहे. ग्रॅनाइट त्याच्या खाली. कोयना परिसरात धरणाशी निगडित भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल बोअर मारलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. तिथला प्रश्न भूकंपाचा, कचऱ्याचा नाही. पण भेगाळलेला ग्रॅनाइट आणि त्यातलं पाणी, विषय तोच. कराडला त्यासाठी प्रयोगशाळाही आहे. म्हणजे हे शास्त्र फक्त युरोपात चालतं असं नाही.

आपण काय विचारायचं?

हा लेख अणुवीज हवी की नको यावर नाही. त्यावर कॉलेज कट्ट्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलता येईल. पण तारापूर, तुर्भे, कल्पाक्कममध्ये आधीच तयार झालेला कचरा तुमच्या मताची वाट बघत थांबलेला नाही. उद्या सगळ्या भट्ट्या बंद केल्या तरी तो राहणारच आहे. आणि २०४७ मध्ये आपण चाळिशी-पंचेचाळिशीचे असू. निर्णय घेणारे तेव्हा नसतील, आपण असू.

म्हणून तीन प्रश्न आतापासून विचारायला हवेत. एक, कोलार आणि राजस्थानात जे अभ्यास झाले, ते सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत कुठे मिळतील? दोन, पुढची भूमिगत प्रयोगशाळा कधी आणि कुठल्या खडकात, आणि ती फक्त प्रयोगासाठी आहे की पुढे कचऱ्यासाठी, हे आधीच लेखी सांगितलं जाईल का? तीन, ज्या गावाखाली ती होईल, त्या ग्रामसभेला ‘नाही’ म्हणता येईल का?

स्ट्रिपातल्या पहिल्या हीटरपासून फोर्समार्कच्या बांधकामापर्यंत स्वीडनला ४८ वर्षं लागली. आपण आज सुरुवात केली, तरी आपली जागा तयार होईपर्यंत २०७० उजाडेल. म्हणजे ‘अजून घाई नाही’ हे उत्तर आता फार दिवस पुरणारं नाही.